भाऊजींची पिचकारी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना निवांत बसलेलं पाहणारा माणूस अख्ख्या बालाघाटात मिळायचा नाही. पानात भात पडून वरण येईपर्यंत भाऊजी उठून पंख्याचा स्क्रू आवळून येतात. खैरलांजीच्या बसमधून दर थांब्यावर उतरून टायरांना लाथा मारतात आणि कंडक्टरने हटकलं, तर "हवा कम है" असं त्यालाच सुनावतात. तिरोडीला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जनरेटरचा आवाज त्यांना खटकला. त्यांनी तो उघडला. नवरानवरीने एकमेकांना हार घातले ते मोबाइलच्या उजेडात. "बंद पडणारच होता," हात पुसत भाऊजी म्हणाले, "म्या फक्त आधी पाडला."

अशा माणसाने निवृत्तीनंतर मोटरबोट घ्यावी, हे वैनगंगेचं नशीब म्हणायचं. जुनी बोट आणि तिच्या मागे अडकवायचं तितकंच जुनं इंजिन. या इंजिनाच्या पंपात रबरी पात्यांची एक चक्री असते, तिला इंपेलर म्हणतात. ती नदीचं पाणी ओढून इंजिन गार ठेवते, आणि ठीक चालली की मागच्या भोकातून पाण्याची बारीक पिचकारी उडते. भाऊजींचा जीव त्या पिचकारीत अडकलेला. जरा शंका आली की इंजिन ऑटोत घालून घरी आणायचं, अंगणात खालचा भाग खोलायचा आणि चक्री बदलायची. नवी चक्री पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन बुडवूनच तपासावी, कोरडी फिरली की पाती जळतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ड्रम भरेपर्यंत धीर कुठला? "एक झटका मारून आवाज तेवढा ऐकतो," म्हणत ते दोरी ओढायचे आणि जळक्या रबराचा वास शेजारच्या गल्लीपर्यंत जायचा. मग नागपूरहून पुन्हा चक्री मागवायची.

एरवी मी हसलो असतो. पण ताईला काचबिंदू झालेला. नजर कडेकडेने मिटत चाललेली, आणि गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. दिसतंय तोवर नदीच्या मधोमध जाऊन वैनगंगेची ओटी भरायची आणि तिथून दोन्ही काठ पाहायचे, एवढंच तिचं मागणं. नावाड्याची नाव चालली असती, पण तिचा हेका, "जाईन तं ह्यायच्याच बोटीत." इकडे चक्र्या जळत होत्या, दिवस जात होते, आणि मला भाऊजींचा मनापासून राग येत होता.

"काहून इतकं खोलता जी?" एकदा मी विचारलंच.

"मधातच बंद पडलं तं?" ते पान्ह्याकडे बघत म्हणाले. "तिले दिसत नाही, अन् मले पोहता येत नाही."

माणूस घाबरलेला आहे, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

शेवटी ताईनेच तोड काढली. इंजिनाला एक लाल क्लिप लागते, ती नसली की इंजिन सुरूच होत नाही. पुढची चक्री बसल्याबरोबर तिने ती क्लिप पदराच्या गाठीत बांधून टाकली. भाऊजींनी सारं घर पालथं घातलं, माझ्या खिशांवरही संशय घेतला. दुसऱ्या दिवशी घाटावर बोट पाण्यात उतरली, आम्ही तिघं आत बसलो, तेव्हा ताईने गाठ सोडली. "आता मारा झटका," ती म्हणाली.

पिचकारी उडाली. भाऊजी मान वळवून त्या धारेकडेच बघत राहिले, त्यामुळे बोट सारखी वाळूकडे निघायची. ताईने खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले. मग सावकाश मान फिरवत आधी एक काठ पाहिला, नंतर दुसरा.

"अजी, तुमीबी पाहा नं."

"पाहून राह्यलो," भाऊजी पिचकारीवरची नजर न काढता म्हणाले.

आता ताईला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी दोघं जातात, कधी मीही सोबत असतो. ती इंजिनाजवळ बसून पिचकारी पाण्यात पडल्याचा आवाज ऐकते. भाऊजींची मान वळायला लागली की म्हणते, "पाणी येऊन राह्यलं. तुमी समोर पाहा." मग भाऊजी समोर पाहतात आणि दिसेल ते तिला सांगत राहतात: पूल आला, बगळे बसले आहेत, काठावर कुणी निळं लुगडं वाळत घातलं आहे. एक हात सुकाणूच्या दांड्यावर असतो, दुसरा ताईच्या हातात, आणि बोट घाटाला लागेपर्यंत ते जागचे हलत नाहीत.