डाव्या कोपऱ्यातली लवंग

लिफ्टचं दार बंद झालं की माणसाला वाटतं, आता आपल्याला कोणी बघत नाही. तीन मजल्यांचा काय तो प्रवास, पण तेवढ्यात माणूस काय काय करतो ते मला विचारा. आरशात बघून दात कोरतो. केस विंचरून कंगवा तिथंच झटकतो. कोणी नाकात घातलेलं बोट तसंच बटणाला लावतो. आणि थुंकतो. जालन्यातल्या सतरा लिफ्ट मी आणि आपा मिळून पुसतो. अर्धं शहर मला तोंडानं नाही, तोंडातून बाहेर पडलेल्या ऐवजावरून ओळखू येतं.

आपा म्हणजे मस्तगडातली माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. कोरोनात एका बँकेला रोज लिफ्टची बटणं पुसायला माणूस हवं होतं, ते काम आम्ही दोघींनी धरलं. वाटलं, दोन महिन्यांचं काम आहे. पण कोरोना गेला आणि पुसणं राहिलं. त्यात नवीन जालन्यात बियाण्यांची ऑफिसं, क्लासेस, दवाखाने, जी ती इमारत लिफ्ट घेऊनच उभी राहायला लागली आणि प्रत्येक मालकाला आपली लिफ्ट ऑपरेशन थिएटरसारखी पाहिजे. ज्यांनी आधी नाकं मुरडली त्यांचेच फोन यायला लागले.

धंद्यातली एक गंमत सांगते. चांगलं जंतुनाशक असतं त्याला वासच नसतो. ते फडक्यावर घ्यायचं, बटणावर थेट मारायचं नाही, नाहीतर आत पाणी जाऊन लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबते. आम्ही सगळं बराबर करायचो आणि लोक म्हणायचे, "आज पुसली न्हाई का? वास न्हाई आला!" शेवटी आपानं अक्कल लढवली. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ती चार थेंब फिनाईल टाकायची. झालं! सगळे खोल श्वास घेऊन म्हणायचे, वा, काय स्वच्छता आहे.

घरी मात्र मी एक घोळ करून ठेवला होता. सासरे मूळचे वाटूरचे, शेत बटईनं देऊन आमच्याकडं राहायला आले. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. काम मिळालं त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मामा, बँकेचं काम मिळालं." यात खोटं काय आहे? पण आठ दिवसांत वाटूरच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत बातमी गेली की यांची सून ब्यांकेत लागली. कोणी कर्जाचं विचारायला लागलं, कोणी पोराच्या नोकरीचं. मी तेव्हाच सांगून टाकायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. एक तर ऐकायला गोड वाटत होतं, आणि दुसरं म्हणजे झाडू मारायला जाणाऱ्या गावातल्या एका बाईबद्दल मामा एकदा बोललेले मी ऐकलं होतं, "लोकाची थुंकी पुसण्यापरीस घरी बसावं मानसानं." नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, तुझं तू निस्तर.

मामांचा अभिमान म्हणजे त्यांचे दात. पंच्याहत्तरी उलटली तरी बत्तीसच्या बत्तीस शाबूत, असं ते भेटेल त्याला सांगायचे. ऊस सोलून दाखवायचे. दाताच्या डॉक्टरला ते 'दातं उपटणारा' म्हणत. दुसरा अभिमान पानाचा. त्यांची चंची, म्हणजे पान-सुपारीची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, रोज सकाळी मी भरून द्यायची. पानं, चुना, कात, तंबाखू आणि अडकित्त्यानं कातरलेली सुपारी. लवंग एक. अलीकडं म्हणायला लागले, "लवंगा चार-पाच टाकत जा. आन सुपारी जरा बारीक कातर." म्हातारपणी जिभेला नवे चोचले, दुसरं काय! मी बडबड करायची आणि टाकायची.

तर अशात स्टेशनकडच्या एका पाच मजली इमारतीचं काम चालून आलं. मालक शेठ मोठा काटेकोर माणूस. म्हणाला, "ताई, एक महिना करून दाखवा. काम पसंत पडलं तर माझ्या बाकी दोन बिल्डिंगी पण तुमच्या." आपा त्या रात्री नमाजात बहुतेक त्या दोन बिल्डिंगीच मागत होती. मीही देवापुढं तेच म्हणत होते.

पहिला आठवडा झकास गेला. आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता बघतो तर लिफ्टच्या डाव्या कोपऱ्यात लालभडक पिचकारी! सकाळी पुसून काच केलेली, आणि दुपारी हे. पुसली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथंच, त्याच उंचीवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या गुरुवारी शेठनंच बघितली.

"ताई, ये क्या है?"

"शेठ, थुंकणाऱ्याला मी काय करू? मी लिफ्ट पुसते, लोकांची तोंडं न्हाई पुसत."

"मंग पकडा त्याला. फोटो काढून इथंच लावतो खाली. न्हाई पकडला तर दुसरी पार्टी बघतो."

माझं तोंड म्हणजे विचारू नका. खाली दहा-बारा माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी जाहीर केलं, "पुढच्या गुरुवारी पकडते. नुसता फोटो न्हाई, त्याच्याच हातानं कोपरा पुसून घेते. न्हाई जमलं तर मी स्वतःहून जाते, तुमची बिल्डिंग तुम्हाला लखलाभ!" आपानं मागून माझा पदर ओढला, पण गाडी सुटली होती.

मग तो कोपरा पुसायला बसले. आपा फडकं उलटून बघत म्हणाली, "भाभी, हा कोणी शौकीन हाय. गुटखा न्हाई, पान हाय. ही बघ लवंग." खरंच, लवंगेचं बोंड चिकटलेलं. शेजारी सुपारीचे तुकडे, लांब, बारीक, नखासारखे वाकडे. मी बघत राहिले. अशी सुपारी बाजारात मिळत नाही. माझ्या अडकित्त्याचं एक पातं जरा वाकलेलं आहे, त्यातून प्रत्येक तुकडा असाच वाकडा पडतो.

पाचावर धारण बसली माझी. आमचे मामा तर दर गुरुवारी दत्ताच्या मंदिरात जातात. इथं कशाला येतील? आपाला काहीच बोलले नाही. आठवडाभर सुपारी कातरताना एकच हिशेब मांडत होते. चोर पकडला तर सासऱ्याचा फोटो खाली भिंतीवर. नाही पकडला तर महिन्याची मेहनत गेली, आपाच्या दोन बिल्डिंगी गेल्या. आणि समोरासमोर आलो तर माझी बँक बुडाली.

गुरुवार उजाडला. मी चंची भरून दिली, लवंगा पाच. साडेअकराला निळा ॲप्रन, मास्क, टोपी, हातमोजे, असा सगळा सरंजाम चढवून लिफ्टमध्ये बादली घेऊन उभी राहिले. मनात म्हणत होते, दुसरा कोणी येऊ दे. वाकडं पातं काय माझ्याच अडकित्त्याला असतं?

बाराला धोतर आत आलं. वर पांढरी टोपी. एक गाल टम्म फुगलेला.

"बाई, चवथ्याला दाब गं," पान सांभाळत, वर तोंड करून मामा म्हणाले. ओळखलं नाही. मास्कमध्ये कोण ओळखतो! मी बटण दाबलं. दार बंद झालं. आरशातून बघते तर त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, डाव्या कोपऱ्याकडं वळले, वाकले...

"मामा!"

मी मास्क ओढला. मामा तसेच वाकलेले. तोंड भरलेलं, थुंकता येईना, गिळता येईना, बोलता येईना. डोळे एवढाले! मी बादली पुढं केली. त्यांनी सगळा ऐवज बादलीत रिकामा केला, मिशी पुसली आणि माझ्या ॲप्रनकडं बघून एकच शब्द काढला.

"ब्यांक?"

"दत्तमंदिर?" मी म्हटलं.

चौथा मजला आला. दार उघडलं. समोर दाताच्या डॉक्टरची पाटी, त्यावर हसणारा हातभर दात. आम्ही दोघांनी ती वाचली. दार मिटायला लागलं तसा मी हात घातला.

"लई ठणकतंय गं," मामा हळूच म्हणाले. "चार महिने झाले. चार दातं हालून राह्यली. डाक्टरकडं जाताना तोंडात पान दिसलं तर तो कावतो, म्हून इथं..."

चार महिने! लवंगा दुखणाऱ्या दाताला लागत होत्या आणि जाड सुपारी चावत नव्हती म्हणून बारीक हवी होती, आणि मी रोज ती चंची भरत चोचल्यांच्या नावानं बडबडत होते. राग कुठल्या कुठं गेला. पण मी कसली गप्प बसते!

"घरात डॉक्टरचं नाव काढलं असतं तर काय दातं गळून पडली असती का?"

"आन तू? लोकाची थुंकी पुसायलीस?"

"लोकांची कशाला? चार... न्हाई, तीन गुरुवार तुमचीच पुसायले."

मामांनी मान खाली घातली. मग मीच त्यांचा हात धरून डॉक्टरकडं नेलं. एक दाढ निघाली. बाकीच्यांचं नंतर. तेवढ्यात मी बादली विसळून ताजं पाणी भरून घेतलं.

खाली आलो तर शेठ उभा. आपा उभी. गेल्या गुरुवारची ती दहा-बारा माणसंही उभी, त्यांना काय, तमाशा फुकट.

"काय ताई, सापडला का चोर?"

"न्हाई सापडला," मी म्हटलं.

"मंग? आपलं ठरल्तं ना?"

"ठरल्तं. जाते मी." आपाकडं बघायची हिंमत झाली नाही. बादली उचलायला वाकले तर बादली जागेवर नव्हती.

ती मामांच्या हातात होती. तोंडात कापूस, ओठ बधिर, धोतराचा सोगा वर खोचलेला. लिफ्टमध्ये गेले, फडकं पिळलं आणि डावा कोपरा पुसायला लागले. कोपऱ्यात काही नव्हतं, सकाळीच मी तो लखलखीत केला होता. तरी पुसत होते, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांच्या देखत. माझे सासरे, ज्यांनी घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतः उचलला नव्हता. मी धावले, तर हातानंच थांबवलं.

मग कापूस बाहेर काढून शेठला म्हणाले, "मी हाय तुमचा चोर. लावा माझा फोटू. आन खाली लिवा, पुसनारीचा सासरा."

कोणी हसलं नाही. शेठनं खिशातून मोबाईल काढला आणि तसाच परत ठेवला.

"आत्ता नगं," मामा म्हणाले. "नवी दातं बसल्यावर काढा."

तेव्हा मात्र सगळे हसले. शेठ सगळ्यात जोरात.

बाकी दोन बिल्डिंगी आम्हाला मिळाल्या. मामांनी पान सोडलं. चंचीत आता फक्त लवंगा आणि बडीशेप असते. आणि त्या लिफ्टमध्ये, डाव्या कोपऱ्याच्या बरोबर वर, मामांचा फोटो आहे. बत्तीसच्या बत्तीस दाखवत हसतायत, काही त्यांचे, काही डॉक्टरचे. खालचा मजकूर त्यांनीच शेठला सांगितला: 'इथं थुंकू नका. पुसणारी माझी सून हाय.' तिथं आजवर पुन्हा डाग पडला नाही.

मागच्या महिन्यात वाटूरहून मामांचा एक दोस्त आला, तोच, ज्याला माझ्या बँकेतून कर्ज पाहिजे होतं. त्याला घेऊन मामा मुद्दाम त्या इमारतीत आले. काम काहीच नव्हतं. मी मास्क लावून बटणं पुसत होते. दोघं चौथ्या मजल्यापर्यंत गेले आणि न उतरता परत खाली आले. दोस्तानं माझ्याकडं बोट करून विचारलं, "ही कोन रे?"

मामा म्हणाले, "फोटूखालचं वाच की."