सेवेचा तपशील

बारावीनंतर एक वर्ष मी पाचोडला घरीच होते. आईला लकवा झाला होता. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, तिचं धुणंपाणी, तिच्या तोंडून येणाऱ्या अर्ध्या शब्दांचा अर्थ लावणं, हे सगळं माझ्याकडे होतं. वडील भाड्याचा टेम्पो चालवायचे. सकाळी निघाले की अंधार पडल्यावरच परत यायचे. उन्हाळ्यात आई गेली आणि त्यानंतर मी शहरातल्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला.

वर्गातल्या मुली माझ्याहून जेमतेम वर्षानं लहान. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला ताई म्हणालं आणि ते चिकटलं. ताईकडे नोट्स मागतात, ताईला सिनेमाला चल म्हणत नाहीत. भाड्याच्या खोलीत आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघी सिल्लोडच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्या हसण्यात मला जागा नव्हती. कधी कधी अख्ख्या दिवसात माझं बोलणं फक्त रिक्षावाल्याशी व्हायचं, तेही ‘इथंच थांबवा’ एवढंच.

फी सरकारी शिष्यवृत्तीतून भरली जाणार होती. ती मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पाचोडला जायचं, हे वडिलांनी न सांगता मला ठाऊक होतं. अर्ज ऑनलाइन होता आणि मध्ये वर्ष गेलेलं असेल तर त्याला शपथपत्र जोडायचं होतं. त्याचा मजकूर मीच लिहिला. मला मराठीत चांगले मार्क होते, त्याचा थोडा माजही होता. ‘सदर वर्षी मी माझ्या आईच्या सेवेत होते,’ असं लिहिलं, टाइप करून घेतलं, शिक्का मारून आणला. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. खाली शेरा होता, ‘अर्जदार सेवेत असल्याचे दिसते. नियुक्तीपत्र व उत्पन्नाचा तपशील जोडावा.’

मला आधी हसू आलं. कुणाला तरी दाखवावं म्हणून मोबाइल घेऊन वळले, तर खोलीत कुणीच नव्हतं. मग राग आला. नियुक्तीपत्र कुणाच्या सहीचं आणू? आईला तर शेवटी सहीसुद्धा येत नव्हती. पण मुदतीला चारच दिवस राहिले होते, त्यामुळे रुसून बसायचीही सोय नव्हती.

औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली शपथपत्रं टाइप करणारे एक काका बसायचे. त्यांनी शेरा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बेटा, सरकारी कागदात सेवा म्हणजे नोकरी. तू आई लिहिली, त्यांनी साहेब वाचला.”

त्यांच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नाव बदलायचं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर कालावधीत मी कोणतीही नोकरी अथवा सेवा केलेली नाही.’ मी म्हटलं, ‘अथवा सेवा’ तेवढं काढा. ते म्हणाले, साच्यातला शब्द हलवला की अर्ज पुन्हा परत येतो, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस. निदान आई आजारी होती हे तरी लिहा, असं मी अडून बसले. त्यांनी ‘घरगुती अडचणीमुळे’ असं टाइप केलं. सगळं वर्ष त्या दोन शब्दांत बसलं. शिक्का मारणाऱ्या वकिलांनी मान वर न करता विचारलं, मजकूर खरा आहे ना. मी हो म्हटलं आणि सही केली. मला फार लाज वाटली.

तिथंच पायरीवर बसून मी पोर्टल उघडलं. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जायचा. एरवी आमचं बोलणं तेवढंच होतं; ते आकडे सांगायचे, मी टाकायचे, ते फोन ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, पुन्हा कशाला? मी शेरा सांगितला, नवा मजकूर सांगितला आणि मग म्हटलं,

“पप्पा, मी आईची सेवा केली नाही असं शपथेवर लिहून दिलं.”

मागं टेम्पोचं इंजिन चालू होतं, ते बंद झालं.

“त्यांनी कुठं पाह्यलंय? म्या पाह्यलंय.”

तोवर ओटीपीची वेळ संपून गेली होती. मी दुसरा मागवला. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, मग सगळे पुन्हा एकदा सांगितले. पुढं तो अर्ज मंजूरही झाला. पण त्या दिवशी, ‘गेला अर्ज’ असं मी म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.