हुंकारावरचं लॅटिन

घाटंजीत हरिसिंग कंपाउंडरला सगळे ‘लॅटिन मास्तर’ म्हणतात, पण मास्तर तो एक दिवसही झाला नाही. नाव आमच्या गल्लीनं ठेवलं. नावं ठेवायची म्हटलं की आमची गल्ली हात आखडता घेत नाही.

हरिसिंग मूळचा मारेगावकडच्या तांड्यावरचा. इथं डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात तो पुड्या बांधायचा, मिक्श्चर घोटायचा, बाटलीवर डोसाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिन खरडायचे. आक्वा म्हणजे पाणी, तेर दिए म्हणजे दिवसातून तीनदा. एवढं त्याला येत होतं. तरी डॉक्टर भरल्या दवाखान्यात हाक मारायचे, “ए पुडी!” पेशंट हसायचे. हरिसिंगही हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही.

अठ्ठावन्न साली तो औषधाच्या पेट्या आणायला यवतमाळला गेला. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या गोऱ्या फादरांशी त्याची गाठ पडली. कंपाउंडरांचा वर्ग निघायचा होता आणि त्यांना लॅटिन शिकवायला माणूस हवा होता. फादरांनी त्याचं चिठ्ठीवरचं लॅटिन ऐकून घेतलं.

“हा नुसता भाकरीचा चुरा झाला,” ते म्हणाले. “अख्खी भाकर गोष्टीत असते.”

त्यांनी गोष्टींचं एक पुस्तक आणि शब्दकोश त्याच्या हातात दिला. यातली कोणतीही एक गोष्ट माझ्यासमोर सलग वाच, अर्थ सांग, वर्ग तुझा. घाटंजीपर्यंत मोटारीत हरिसिंग उभ्यानं आला, पण मनातल्या मनात खुर्चीवर बसून आला. मास्तर! मग कोण म्हणतो पुडी, ते बघू.

पहिले कितीतरी महिने त्याचे हालच झाले. प्रत्येक शब्द कोशात उकरायचा. शेतकरी सापडेपर्यंत बैल विसरायचा, बैल सापडेपर्यंत दिव्यातलं तेल संपायचं. एक दिवस चुलीपुढं भाकर थापता थापता त्याची बायको धनीबाई म्हणाली, “कायचं पुस्तक हाय ते?”

“गोष्टीचं.”

“मंग सांगा नं! गोष्ट का दात कोरल्यावानी वाचतेत?”

तिला बोलायचा हक्क होता. तिचा बाप देवसिंग म्हणजे तांड्यावरचा नामी गोष्ट सांगणारा. तिथला कायदा असा की सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार नाही आला तर सांगणारा समजतो, ऐकणारा तरी झोपला, नाहीतर आपलाच धागा सुटला. मग तो मागं जातो आणि धागा पुन्हा उचलतो.

हरिसिंगनं वाचलं, “आग्रिकोला बोवेम आमिसित.”

“हूं.”

“शेतकऱ्याचा बैल हरपला.”

“हूं. मंग?”

या ‘मंग’नं शब्दकोश कोनाड्यात गेला. बैल हरपल्यावर माणूस काय करतो, ते हरिसिंगला कोशापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या ओळीतला अनोळखी शब्द ‘शोधला’ असाच असणार, आणि तो तसाच निघायचा. गोष्ट पळायला लागली, शब्द तिच्यामागं धावायला लागले. वर्ष-दीड वर्षात तो अर्थ सांगण्याआधीच हसायचा. आमच्या विमलताई भिंतीपलीकडून विचारायच्या, “धनीबाई, आज तरी बैल गावला का वो?”

“गावला, पण लंगडते!” आतून उत्तर यायचं. अख्ख्या गल्लीला त्या बैलाचा घोर लागला होता.

साठ साली फादरांचं बोलावणं आलं. धनीबाईनं आरशांचा नवा फेटिया, म्हणजे तांड्यावरचा घागरा काढला, हातात बलियांच्या बांगड्या चढवल्या.

“तू कायले?” हरिसिंग म्हणाला.

“काहून? गोष्ट मी बी ऐकली नं?”

तिला सोबत नेलं, पण मिशनच्या फाटकाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या सिस्टर दिसल्या आणि हरिसिंगची मान खाली गेली. तिला व्हरांड्यात खिडकीखाली बसवून तो दबक्या आवाजात म्हणाला, “इथंच राह्य. अन् काई झालं तरी तोंड उघडू नको. आपली इज्जत नको घालवू.”

आत त्यानं बैलाचीच गोष्ट काढली. पहिली ओळ वाचली, अर्थ सांगितला आणि थांबला. फादर हात जोडून गप्प ऐकत होते. त्यांच्याकडं गप्प ऐकणं हाच मान. हरिसिंगला वाटलं, चुकलं. तो मागं गेला, तीच ओळ पुन्हा वाचली, थांबला. हुंकार आला नाही. तिसऱ्यांदा आवाज चढवून वाचली. अर्थ सांगताना तोंडातून निघालं, “बैलाचा शेतकरी हरपला.”

फादरांनी पुस्तक हळूच मिटलं. “पहिल्याच ओळीवर अडतोस, बाळ. अजून वाच.”

वर्गावर नागपूरचा एक जण लागला. त्याला चुरा तोंडपाठ होता.

व्हरांड्यात धनीबाई तोंडावर पदर दाबून बसली होती. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “तुमी थांबून राह्यलते. मले सारं ऐकू येत होतं.”

“मंग ‘हूं’ काहून नाई म्हनलं?” तो भररस्त्यात ओरडला.

“तुमीच म्हनलं होतं, तोंड उघडू नको. तुमची इज्जत जाईन म्हून गप बसली.”

मोटारीत दोघं दोन टोकांना बसली.

आठवड्यानं हरिसिंगनं पुन्हा पुस्तक काढलं. “आग्रिकोला बोवेम आमिसित,” म्हणाला आणि चुलीकडं बघत थांबला. धनीबाईनं भाकर उलटवली. तोंड उघडलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं. तिनं दुसरी भाकर थापायला घेतली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून विमलताईंचा आवाज आला, “हूं! मंग?” समोरच्या ओसरीवरून बबनराव म्हणाले, “हूं!” मग घरोघरून हूं, हूं सुरू झालं. अख्ख्या गल्लीनं पोट धरधरून हसत हुंकार दिला. एका चुलीपासूनच तो आला नाही.

हरिसिंगनं पुस्तक कोनाड्यात शब्दकोशावर ठेवलं. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी हाक मारली, “ए पुडी!”

“जी,” तो म्हणाला.