खाटेवर घेतलेली बाटली

वहिनी गेल्याचं दादानं मला दवाखान्याच्या आवारातच सांगितलं. मी कळंबहून आलेल्या एस.टी.तून नुकताच उतरलो होतो, हातात तिनं मागितलेल्या भाजक्या शेंगांची पुडी होती. आदल्या खेपेला ती उठून बसली होती, माझी टिंगल करत होती... आणि आता गेली? ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टरच म्हणाले होते. काही आठवडे उलटले, तरी माझ्या डोक्यात याचा मेळ बसत नाही.

सुभद्रावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची आई लवकर गेली, त्यामुळं माझी शाळा, जेवणखाण, लग्नसुद्धा तिनंच पाहिलं. मी मास्तर झालो तेव्हा ती सगळ्या गल्लीला साखर वाटून आली आणि घरात मला म्हणाली, "भावजी, आता तरी सदऱ्याच्या गुंड्या नीट लावत जावा." तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. शेतातून कडब्याचा भारा आणताना मात्र ती मधेच बांधावर बसायची, ओठ आवळून. मला वाटायचं, दमली असेल. धाकट्या पोराच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत होतं, हे मला दवाखान्यात कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून! बायकांचं दुखणं पुरुषांच्या कानावर घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

खाली सरकलेली गर्भपिशवी काढली आणि लघवीसाठी रबरी नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीत. वहिनीला टाक्यांपेक्षा त्या बाटलीचाच जाच जास्त होता. आमच्याकडं माणूस दवाखान्यात आहे म्हटलं की अख्खं गाव भाकरी बांधून भेटायला येतं. खाटेभोवती चुलत सासरे, व्याही... आणि खाली ती बाटली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दादाला तिची घालमेल बघवेना. "वर घे अन् वाकळंखाली झाक," तो म्हणाला. मग कुणाची चाहूल लागली की ती बाटली उचलून कुशीत घ्यायची, वाकळ ओढायची आणि डोक्यावरचा पदर सावरून "बसा की" म्हणायची. "बाई, बाटली खाली ठेवा!" नर्स ओरडायची. नर्स पुढं गेली की बाटली परत वर. आम्ही हसायचो, तीही हसायची.

मग मी गावाकडं असताना तिला हुडहुडी भरून ताप आला. पेनिसिलीनची इंजेक्शनं झाली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा... शेवटी तिला माणसं ओळखू येईनात.

तेराव्यानंतर मी एकटाच डॉक्टरांना भेटलो. बाटली वर घेतली की लघवी नळीतून उलटी आत जाते आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचतात, असं ते म्हणाले.

"म्हणजे त्यानंच झालं?"

"सांगता येत नाही, मास्तर. नळी आत राहिली की जंतू तसेही चढतात. बाटली खाली असती तरी कदाचित..."

नळी घालू नये, तर ऑपरेशननंतर लघवी तुंबते. मग चुकलं कुठं? परतीच्या वाटेवर मी त्या एका 'कदाचित'शी झगडत राहिलो. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा, तेही कळत नव्हतं.

घरी दादा वहिनीच्या चुलीपुढं बसला होता. ती गेल्यापासून तो तिथंच बसतो, चूल पेटलेली असो नसो.

"इचारलंस का?" तो म्हणाला. "बाटलीनं झालं का?"

मी अर्धंच सांगितलं. "नळीनं झालं, दादा. बाटलीचा काही संबंध नाही."

मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यानं चुलीतली राख काडीनं सारखी केली.

"तिला ऑपरेशनच नको व्हतं रं," तो म्हणाला. "लई येळा न्हाय म्हनली. म्याच नेलं."