औषधाची गोळी आणि आईचं दूध

मैत्रिणींनो, मायेनं घातलेल्या बंदीशी कसं भांडायचं? मला खरंच माहीत नाही.

वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून नुकतीच बाळंत झालेली माझी वहिनी डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घेते. आई तिला हळिवाची खीर खाऊ घालते, पण बाळाला पाजू देत नाही. "दुधातनं इख जाईल." मी बोलले तर, "बुकं शिकलीस, कवा बाळंत झालीस का?"

आज सकाळी वहिनी थरथरत होती. "वन्सं, गोळी सोडलीय. आता तरी पाजू देतील."

मी वहिनीला आणि बाळाला साताऱ्याला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी अशी अचानक सोडणंच धोक्याचं. ती नीट घेत पाजता येतं. बाळ फार सुस्त वाटलं किंवा श्वास मंदावला, तर लगेच आणा."

तिथंच गोळी पुन्हा सुरू झाली. आईचे फोन येत होते. मी फोन बंद केला आणि बाळ वहिनीच्या पदराखाली दिलं.