तिसरा नंबर आणि पाच लिटरचा कुकर

आख्ख्या भिवंडी तालुक्यात पळत डोंगर चढण्यात माझा हात कुणी धरला नसता. धरला असता तर बरं झालं असतं, कारण शेवटच्या चढावर मला हाताला धरून वर न्यायची पाळी आली व्हती.

त्या टायमाला मी राहनाळला गोडाऊनात हमाली करायचो. मोबाईल नवे नवे आलेले, सगळा संसार मिस कॉलवर चालायचा. बायको बाजूच्याच गोडाऊनात पॅकिंगला, तिची सकाळी सातची शिफ्ट. घरात स्टोव्ह, आणि स्टोव्हवर तूरडाळ काय शिजता शिजायची न्हाय. त्या डाळीपायी ती बिचारी पहाटे चारला उठायची. मी तेव्हा घोरत असायचो. झोपेत मला कुणी हरवू शकत न्हाय.

तिच्या माहेरी देवीची जत्रा भरते, तेव्हा डोंगर चढायची शर्यत लावतात. खालच्या पिंपळापासनं वरच्या देवळापर्यंत पळत जायचं. त्या साली बक्षिसांचा बोर्ड लावला व्हता. मला वाचता येत न्हाय, बायकोनं वाचून दाखवला. पहिल्याला ढाल, दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ, तिसऱ्याला पाच लिटरचा कुकर.

"नाव द्या," ती बोलली.

"देतो. पहिलाच येतो बघ."

"पहिले आलात तर घरात येऊ नका. ढालीत डाळ शिजते काय? तिसरे या."

पुढं हळूच बोलली, "कुकर आला तर मी सहाला उठीन." आता बाईमाणूस दोन तासांची झोप मागतंय, तिला न्हाय कसं म्हणायचं?

झालं, सराव चालू केला. पण आमच्याकडं चढ हाय कुठं? सगळी खाडीकाठची सपाट जमीन, भात गेलं नि गोडाऊनं आली. चढ म्हणून एकच, कशेळीचा पूल. ड्युटी सुटली की मी पुलावर पळायचो. ट्रक कायमचे अडकलेले. एका ड्रायव्हरनं खिडकीतनं मुंडकं काढलं, "क्या भाई, किसका पाकीट मारा?"

त्याचा क्लीनर बोलला, "उस्ताद, मारा होता तो इतना धीरे भागता?"

मग पूल सोडला नि गोडाऊनातच पळायला लागलो. तांदळाच्या गोण्यांची थप्पी पत्र्याला टेकते. तिला फळी लावलेली असते, त्या फळीवरनं पाठीवर गोणी घेऊन वर चढायचं. मी जेवणाच्या सुट्टीत रिकामाच वर-खाली करायचो. मुकादम बोलला, "चढतोच हायस तर गोणी घेऊन चढ ना!"

ह्या फळीचा एक कायदा हाय. मागनं "बाजू!" अशी हाळी आली, की रिकाम्या माणसानं अंग चोरून कडेला व्हायचं. मागच्याच्या पाठीवर वजन असतं, त्याला थांबता येत न्हाय. तिथं इचार करत बसलास तर दोघं खाली. बारा वर्षं हेच केलेलं. डोक्याला कळायच्या आधी पाय सरकतात.

जत्रेच्या दिवशी मेव्हण्याला संगं घेतला. तो आमच्याच टोळीत हमाल, कपडे नि चपला सांभाळायला आणलेला. तिथं गेल्यावर बोलतो कसा, "भावोजी, उभाच हाय तर मी पण पळतो." मी बोललो, पळ बाबा, मागं कुणीतरी पायजेच.

शिट्टी झाली. पोरंटोरं अशी सुटली जसा बैल उधळलाय. मी हमालाच्या चालीनं निघालो, बारीक पावलं, दम धरून. एक घोळ झाला. पाठीवर गोणी नसली तर हात कुठं ठेवायचे तेच मला कळेना. शेवटी दोन्ही हात मानेमागं धरले, गोणी धरतात तसे. खालनं एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, याला पोलिसांनी धरलाय काय?"

पण चाल कामाला आली. उधळलेले सगळे पहिल्या चढावर झाडाला धरून ओकत व्हते. मी एकेकाला मागं टाकत गेलो. वर बघतो तर पुढं दोघंच. वरच्या पाड्यावरचे दोघं भाऊ, रोज लाकडाला त्याच डोंगरावर जाणारे. ते गप्पा मारत चढत व्हते, एक तर बिडी पेटवायला थांबला. त्यांना काय मी गाठत न्हाय. म्हणजे मी तिसरा! मला डोळ्यांपुढं कुकर दिसायला लागला. शिट्टी पण ऐकू आली, ती माझ्याच छातीतनं येत व्हती.

देऊळ पन्नास पावलांवर आलं. वर बायको पदर खोचून उभी. आणि मागनं हाळी आली, "बाजू!"

मी झालो कडेला. अंग चोरून, मान खाली घालून, अगदी फळीवर व्हतो तसा. माझ्या काखेखालनं मेव्हणा गेला. तो वर पोचून घंटा वाजवायला लागला, तेव्हा मला आठवलं की त्याच्या पाठीवर गोणी नव्हती.

चौथ्याला नारळ दिला.

संध्याकाळी सासुरवाडीला जेवायला बसलो. मेव्हण्याच्या बायकोनं कुकर चुलीजवळ मांडून ठेवलेला, आल्यागेल्याला झाकण उघडून दाखवत व्हती. माझी बायको वाढत व्हती. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी सगळ्यांना फळीचा कायदा समजावला. बोललो, बारा वर्षांची सवय हाय, वाट अरुंद, मागनं हाळी आली, माणूस काय करणार? सासरा मान डोलवायला लागला. मेव्हणा पण बोलला, "खरंय, भावोजींचे पाय आपसूक सरकले."

बायकोनं माझ्या ताटात डाळ वाढली.

"तिथं ट्रक जाईल एवढी रुंद वाट व्हती," ती बोलली. "आणि तुम्ही सरकला न्हाय. बसला व्हता. मी वरनं बघत व्हती."