पेटी उघडण्याआधीची सही

"सही करा सार, उघडून घरी बघा," हूटगळ्ळीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातला कारकून कन्नडमध्ये म्हणाला. अप्पांनी पेन हातात घेतलंही.

पेटीत आजोबांनी स्वतः कोरलेले कापडछपाईचे अठरा लाकडी ठसे होते. पुण्याच्या एका प्रदर्शनाला पाठवलेले, आता लॉरीनं परत आले होते. जाताना मी पेटीला निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या होत्या. आता तिच्याभोवती काथ्याची दोरी होती. अप्पांना ती दिसली नसेल, असं मी मानत नाही.

इंग्रजी वाचायला म्हणून मला आणलं होतं, पण विचारत कुणी नव्हतं. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अटी छापल्या होत्या. नववी मी तीनदा वाचली. शेरा न लिहिता सही केली, तर माल पूर्ण मिळाला असं धरणार. नंतरची तक्रार ऐकणार नाहीत. म्हणजे एखादा ठसा कमी निघाला, तर वाटेतल्या कुठल्याच गोदामात त्याचा शोध होणार नाही.

मी अप्पांची बाही ओढली. "आधी उघडा ना."

"इथं? हळदकुंकू न लावता?" ते कुजबुजले.

प्रदर्शनात ती परक्यांनी उघडली असेल, पण आम्ही ठशांची पेटी घराबाहेर उघडत नाही. देवापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग झाकण काढायचं. छपाई बंद पडली त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली, तरी हा नियम काही सुटला नाही.

"बिचारी, घाबरते मुलगी," कारकून हसला. "आमच्याकडे काही हरवत नाही, अम्मा." त्याच्या मागे धूळ खात पडलेल्या बेवारशी खोक्यांची रांग छतापर्यंत गेली होती.

अप्पाही हसले. त्यांच्या या हसण्याची मला चीड येते. परक्याला वाईट वाटू नये म्हणून हे काहीही सोसतील! आणि चीड माझीही येत होती. येताना बसमध्ये मनातल्या मनात मी 'आधी मोजू, मग सही' हा वाद दोनदा जिंकला होता. इथे मात्र फक्त बाही ओढली होती.

पेन कागदाला टेकलं. मी पावतीवर तळहात ठेवला. हमालसुद्धा थांबून बघायला लागले.

"हळदकुंकू समोरच्या दुकानात मिळतं, अप्पा," मी सगळ्यांना समजावं म्हणून कन्नडमध्ये, मोठ्यानं म्हणाले. "मी आणते. इथेच लावू, इथेच उघडू आणि इथेच मोजू. तोपर्यंत सही नाही."